वस्तादांचं माप

वस्तादांनी एकदा मोजलं की त्यावर दुसऱ्याने मायक्रोमीटर लावायचा नाही, हा त्या कारखान्याचा कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेले कायदे भिंतीवर पुष्कळ होते आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. हा न लिहिलेला मात्र सगळे पाळत. वस्ताद तयार जॉब, म्हणजे लेथवर कातून काढलेला भाग, हातात घेत, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरत, तीन बोटांनी अलगद फिरवत, 'हं' म्हणत आणि ट्रेमध्ये ठेवून देत. त्या 'हं'नंतर तोच जॉब उचलून पुन्हा मोजणं म्हणजे वस्तादांना तोंडावर खोटं पाडणं. एका नव्या माणसाने हौसेने तसं केलं होतं. तेव्हा डावऱ्याने स्वतः त्याच्या हातातून जॉब काढून घेतला आणि चारचौघांत त्याची अशी खरडपट्टी काढली, की तो बिचारा आठवडाभर मान खाली घालून काम करत होता.

डावऱ्या म्हणजे दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या लेथवरचा टर्नर. जेवण सोडून सगळं डाव्या हाताने करायचा म्हणून डावऱ्या. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. वीस वर्षांपूर्वी तो कामाला आला तेव्हा त्या वेळच्या मुकादमाने त्याला दारातूनच परत पाठवायचं ठरवलं होतं. लेथच्या मुठी उजव्या माणसासाठी केलेल्या असतात, हा डावखुरा कुणाचा तरी हात तोडेल, नाहीतर स्वतःचा, असं त्याचं म्हणणं. वस्ताद तेव्हा नुसते टर्नर होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "धातूला हात कुठला ते कळत नाही. राहू दे त्याला माझ्याजवळ." पुढचे सहा महिने त्यांनी डावऱ्याच्या पाठीशी उभं राहून त्याला शिकवलं. कुठल्या मुठीला कुठून हात घालायचा, धातूचा कीस उडतो तेव्हा कुठे सरकायचं, आवाज बदलला की काय समजायचं. डावऱ्याला बाप लवकर गेलेला. ती जागा वस्तादांनी कधी घेतली ते त्यालाही कळलं नाही.

लेथवर धातू कापताना तो तापतो, म्हणून त्यावर तेल मिसळलेल्या पाण्याची धार सोडतात. त्याला कूलंट म्हणतात. कारखान्यात सगळे दूध म्हणत, कारण नवं असताना ते दिसतं तसंच. लेथच्या पोटात त्याची टाकी, तिथून पंपाने वर, जॉबवरून आणि माणसाच्या हातांवरून पुन्हा खाली. आठ तास तेच तेच. महिनाभरात त्या दुधाची रया जायची. राखाडी व्हायचं, वर तवंग धरायचा आणि असा वास मारायचा, की सोमवारी दार उघडणारा आधी दोन पावलं मागे यायचा. नियम असा होता की दर महिन्याला टाकी उपसायची, घासायची आणि नवं भरायचं. पण त्यात लेथ अर्धा दिवस बंद राहते, आणि लेथ बंद राहिलेली वरच्या साहेबांना खपत नसे. म्हणून वस्तादांनी, आता ते विभागाचे प्रमुख झाले होते, एक तोड काढली होती. शनिवारी सगळे गेले की ते एकटे मागे थांबत आणि प्रत्येक टाकीत औषध घालत. सोमवारी नासका वास गायब, त्याऐवजी औषधाचा झोंबणारा उग्र वास. त्या औषधाचा डबा कुणी पाहिला नव्हता आणि माप कुणी विचारलं नव्हतं. वस्तादांचं माप, ते काय विचारायचं?

आता भिंतीवरच्या कायद्यांचं सांगतो. दारापाशी एक पाटी होती, 'हातमोजे वापरा'. तिच्यापासून पाच पावलांवर दुसरी, 'फिरत्या यंत्राजवळ हातमोजे वापरू नयेत'. दुसरी खरी होती. जॉब पकडून फिरवणाऱ्या चकमध्ये हातमोज्याचं टोक सापडलं तर मोज्यामागोमाग बोटं आणि बोटांमागोमाग दंड जातो. पहिली पाटी तपासणीला येणाऱ्यांसाठी होती. तपासणीला येणारे दोन्ही पाट्या वाचत, दोन्हींपुढे बरोबरची खूण करत आणि चहा पिऊन जात. हाताला आधी लावायचं मलम, धार अडवणारा पडदा, नुसत्या हाताने कीस न काढता लोखंडी आकडा वापरणं, हे सगळं एका जाड पुस्तकात होतं आणि पुस्तक साहेबांच्या कपाटात होतं.

डावऱ्याच्या डाव्या हाताला दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड आले. खाज अशी, की झोपेत ओरबाडून चादरीवर डाग पडत. मग फोड सुकले, कातडी जाड झाली, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. मग उजव्या हातालाही धरलं, पण डाव्याइतकं नाही. डबा खाताना मीठ लागलं तर डोळ्यांत पाणी यायचं. कारखान्यात पाण्याचा ग्लास एकच होता. एक दिवस त्याच्यासाठी वेगळा ग्लास आला. ग्लासच्या बुडाला खिळ्याने 'डा' कोरलेलं होतं, तेवढंच.

घरी त्याची बायको एका शिवणकामाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची, म्हणून लेकीची वेणी घालायचं काम बरीच वर्षं त्याच्याकडे होतं. डाव्या हाताने घातलेली वेणी उलटी पिळली जायची आणि लेकीला त्याचं भारी कौतुक होतं. वर्गात तशी वेणी दुसऱ्या कुणाची नव्हती. आता भेगांमध्ये तिचे केस अडकायला लागले. तिला दुखायचं आणि त्यालाही. एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, मी आता केस कापूनच टाकते, सोपं पडेल." त्याने हसून होकार दिला आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

त्याने दोनदा रजा घेतली. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत हात माणसांत आले आणि दोन्ही वेळा कामावर गेल्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबांकडून चिठ्ठी आली. तीन महिन्यांत कामायोग्य झाला नाही तर 'वैयक्तिक आजारामुळे' त्याला कमी करण्यात येईल. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आहे ना," म्हणाले. डावऱ्याला तेवढ्याने धीर आला.

त्वचेच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि कमी बोलायच्या. आधी त्यांनी हात पाहिले नाहीत, प्रश्नच विचारले. रजेत बरं वाटतं का? कामावर गेल्यावर किती दिवसांनी वाढतं? घरात आणखी कुणाला आहे का? मग दोन्ही हात दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि विचारलं, डावा जास्त का? तो म्हणाला, मी डावखुरा आहे, धारेत हाच हात असतो. त्या पहिल्यांदा हसल्या.

"हा तुमचा आजार नाही, तुमच्या कामाचा आजार आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मला कळून उपयोग नाही. मंडळाला पटलं पाहिजे."

मंडळ म्हणजे कामगारांच्या आजारांचं सरकारी मंडळ. कामामुळे होणाऱ्या आजारांची कायद्याने एक यादी केलेली होती आणि हातांचा इसब त्या यादीत होता. मंडळाने मान्य केलं, तर उपचार कारखान्याच्या गळ्यात, माणसाला कमी करता येत नाही, आणि जिथे हात भिजत नाहीत असं कोरडं काम द्यावंच लागतं. मान्य केलं नाही, तर आजार त्याचा त्याला लखलाभ. सगळं त्या एका कागदावर होतं. त्यासाठी पाठीवर चाचणी करायची, संशयाच्या गोष्टींचे ठिपके चिकटवून, आणि त्यातला एक ठिपका त्याच्या टाकीतल्या दुधाचा हवा. बाईंनी बजावून सांगितलं, "पिंपातलं नवंकोरं नको. तुमचा हात रोज ज्यात भिजतो, तेच."

रजेवरच्या माणसाला कारखान्यात शिरायला परवानगी लागायची. डावऱ्याने वस्तादांना गाठून बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वस्तादांनी दोनदा विचारलं, टाकीतलंच का? मग म्हणाले, तू कशाला हेलपाटे घालतोस, हात बघ जरा स्वतःचे, मी घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते खरंच दवाखान्याच्या फाटकापाशी आले. खिशातून काचेची छोटी बाटली काढली, रुमालात गुंडाळलेली, आणि त्याच्या हातात न देता त्याच्या शर्टच्या खिशात घातली, त्याच्या बोटांना त्रास नको म्हणून. 

आत गेल्यावर नर्सने बाटली काढली. दूध पांढरंशुभ्र होतं.

डावऱ्याने ते पाहिलं. वीस वर्षं त्या टाकीवर उभा राहिलेला माणूस; चौथ्या आठवड्यातलं दूध कसं दिसतं हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मनात पाल चुकचुकली. पण लगेच त्याने स्वतःचीच समजूत घातली, की वस्तादांनी गाळून घेतलं असेल, किंवा कुणाच्या तरी नुकत्या भरलेल्या टाकीतलं असेल, काहीतरी असेल. झाकण उघडून वास घेतला असता तरी उलगडा झाला असता. त्याने वास घेतला नाही. वस्तादांनी दिलेली वस्तू पुन्हा तपासायची सवयच त्याच्या हातांना नव्हती. नर्सने फॉर्मवरचा रकाना वाचला, नमुना कोणाकडून मिळाला? तो म्हणाला, "वस्तादांकडून. खात्रीचा आहे." नर्सने तसंच लिहून घेतलं, 'खात्रीचा'सकट.

त्याच्या पाठीवर ठिपक्यांच्या रांगा चिकटवल्या गेल्या आणि पाठीला पाणी लावायचं नाही अशी ताकीद मिळाली. बायको म्हणाली, यांच्या पाठीवर सोंगट्यांचा पट मांडलाय, कोण जिंकतंय ते बघू. ती अशीच होती, संकट जितकं मोठं तितकी जीभ तिखट. लेकीने बापाच्या पाठीवरचे ठिपके मोजून वहीत नकाशा काढला.

ठिपके काढले तेव्हा एकच जागा लालभडक होऊन सुजली होती. ते दुधाचं नव्हतं. ते बाईंच्या स्वतःच्या ट्रेमधलं, एका लांबलचक नावाच्या औषधाचं होतं. पाणी मिसळलेल्या वस्तू नासू नयेत म्हणून ते घालतात. दुधाच्या ठिपक्याखालची कातडी मात्र साफ होती. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी विचारलं, टाकीत वरून कुणी काही घालतं का? डावऱ्याने सांगितलं, हो, शनिवारी वस्ताद औषध घालतात, वास जायला.

"मग ते या नमुन्यात असायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "हा नमुना टाकीतलाच आहे ना?"

डावऱ्याला राग आला. बाईंचा राग आला. कुठली कोण ही, काल शिकून आलेली, आणि वस्तादांवर संशय घेते. "वस्तादांनी दिलाय," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात अशी धार होती की बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या क्षणाची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. विचारणारी बाई त्याच्या बाजूची होती आणि तो चुकीच्या माणसासाठी भांडला.

बाईंनी अहवाल पाठवल्यावर मंडळाचा माणूस घरी आला, वही घेऊन. कारखान्याने लिहून दिलं होतं, आमच्या कूलंटमध्ये ते औषध नाही आणि आम्ही वरून काही घालत नाही. खाली विभागप्रमुख म्हणून वस्तादांची सही होती; पण तो कागद डावऱ्याला तेव्हा कुणी दाखवला नाही. मंडळाच्या माणसाने मोरीतला साबण उचलून पाहिला, भांडी घासायचं द्रव, केसांचा शाम्पू, भिंतीचा रंग कधी दिला तेही विचारलं. ते औषध म्हणे या सगळ्यांतही असतं. बायको पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने त्याला सगळं उचलू दिलं, लिहू दिलं, आणि तो उठायला लागला तेव्हा विचारलं, "एवढंच सांगून जा. भांडी मी घासते, कपडे मी धुते. मग माझे हात असे कसे? आणि घरातला साबण काय फक्त डाव्या हाताला लागतो?"

त्याच्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता. महिन्याभराने पत्र आलं. 'आजाराचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. घरगुती वापरातील पदार्थ हे संभाव्य कारण.' खाली सह्या, शिक्के, आणि तीस दिवसांत अपील करता येईल अशी बारीक अक्षरांत एक ओळ. सोबत कारखान्याच्या जबाबाची प्रत होती.

प्रतीवरची सही बायकोने आधी ओळखली. तिने कागद त्याच्यासमोर फिरवून ठेवला आणि बोटाने दाखवलं. 'वरून काही घालत नाही.' डावऱ्याने ती ओळ तीनदा वाचली. मग तो उठला, चपला घातल्या आणि थेट दवाखान्यात गेला. उरलेली बाटली बघायला मागितली. डॉक्टरबाईंनी ती फ्रिजमधून काढून दिली. दोन महिने होऊन गेले होते, तरी दूध पांढरंच. त्याने भेगाळलेल्या बोटांनी झाकण फिरवलं आणि नाकाशी धरलं. तेलाचा स्वच्छ वास आला. सोमवारचा तो झोंबणारा उग्र वास नव्हता, नासकाही नव्हता. पिंपातून काढून सरळ बाटलीत.

बाई एवढंच म्हणाल्या, की पत्रावरच्या तारखेपासून मोजले तर अजून बावीस दिवस आहेत, खरा नमुना मिळाला तर मी स्वतः मंडळापुढे उभी राहते. आणि एक रिकामी बाटली त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

सोमवारी त्याने फाटकावर परवानगी काढली आणि आत गेला. दारातच थबकला, कारण वास नव्हता. नुसता औषधाने मारलेला नव्हे. कसलाच वास नव्हता. तो आपल्या लेथपाशी गेला, जी आता शेजारच्या घासकामवाल्याकडे होती, वाकून टाकीचं झाकण सरकवलं आणि आत पाहिलं. टाकी लख्ख घासलेली होती. कोपऱ्यांतला वर्षानुवर्षांचा काळा गाळसुद्धा खरवडून काढलेला. वर ताजं पांढरं दूध. त्याने पुढची टाकी पाहिली, त्यापुढची पाहिली. सगळ्या तशाच. भिंतीवर नवा तक्ता, टाकी कधी उपसली, पुन्हा कधी उपसायची, खाली सही. नळापाशी मलमाची बरणी. प्रत्येक लेथला धार अडवणारा पडदा आणि कीस काढायला आकडा. हातमोज्यांची ती पहिली पाटी काढून टाकलेली. जाड पुस्तकात जे जे होतं ते सगळं आलं होतं, आणि त्याचा पुरावा गटारात गेला होता.

घासकामवाला खुशीत होता. त्याने आपले हात पुढे करून दाखवले. त्याच्याही बोटांना गेल्या वर्षापासून खाज होती हे डावऱ्याला तेव्हा कळलं. माणूस बोलला नव्हता, वेगळ्या ग्लासाच्या भीतीने. आता पार गेली, तो म्हणाला. "तुझ्यामुळेच झालं बघ हे. वस्तादांनी दोन दिवस स्वतः उभं राहून सगळ्या टाक्या घासून घेतल्या. मंडळाचं पत्र इथेही आलं होतं, तू अपील करणार हे ताडलं त्यांनी." असं बोलून तो त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिला. डावऱ्याला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. तेच त्याला सहन होईना.

वस्ताद स्वतःच्या लेथवर एक जॉब संपवत होते. त्यांनी त्याला पाहिलं, पण हात थांबवला नाही. शेवटचा काप पुरा केला, मग लेथ बंद केली.

"कसे आहेत हात?"

"बाटलीत नवं भरलंत तुम्ही."

वस्तादांनी नाही म्हटलं नाही. कापडाला हात पुसले, एकेक बोट नीट, सवयीप्रमाणे. "आठ महिने राहिलेत रे माझे रिटायर व्हायला," ते म्हणाले. "टाकीतलं दिलं असतं तर विचारलं असतं, औषध कुणी घातलं, किती घातलं, कुणाच्या परवानगीने. साहेब हात झटकून मोकळे झाले असते. शेवटी माझंच नाव आलं असतं."

"आणि माझं?"

तुझं मी बघणारच होतो, वस्ताद म्हणाले. कोरडं काम देतो म्हणाले. तपासणीच्या टेबलावर बस, दुधाला हात लावू नकोस, मी साहेबांच्या कानावर घालतो. त्यासाठी कागद कशाला? आपल्यात कागद कधी लागला का?

"आठ महिन्यांनी तुम्ही जाल. मग मी कुणाला सांगू, की वस्ताद तोंडी म्हणाले होते?"

 आजूबाजूच्या लेथ चालू होत्या, पण जवळच्या दोघा-तिघांनी आपापल्या बंद केल्या होत्या. मग वस्ताद जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आईशपथ सांगतो, ते औषध हाताला असं करतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुझ्या टाकीत घातलं असतं का मी? तुला हाताला धरून शिकवलंय."

डावऱ्याचा त्यावर विश्वास बसला. खरंच बसला. वीस वर्षांच्या नात्याला आधार म्हणून एवढं पुरेसं होतं. भ्याला, आपली कातडी वाचवली, पण मुद्दाम नाही केलं. तो परत फिरलाही असता. वस्तादांना ते कळलं असावं. त्यांनी चकमधून ताजा जॉब काढला, मायक्रोमीटरला लावला, तीन बोटांनी फिरवला, 'हं' म्हणाले आणि त्याच्यापुढे धरला. नव्या दुधावर कातलेला आहे, म्हणाले. बघ कसा उतरलाय. उद्यापासून हेच तपासायला बस.

डावऱ्याने जॉब घेतला. हातात घोळवला. आणि विचारलं, "माझा मायक्रोमीटर कुठे आहे?"

आसपासच्या माणसांनी माना वळवल्या. वस्तादांचा चेहरा उतरला. तुझी हत्यारं मी माझ्या कपाटात ठेवलीत, सांभाळून, असं सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच ते म्हणाले, थांब, मी काढून देतो. पण कपाट दोन पावलांवर होतं आणि डावऱ्याने ते उघडलंही होतं. वस्तादांचं कपाट दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, हाही तिथला एक न लिहिलेला कायदा होता. एकदा मोडायला घेतल्यावर त्याने दोन्ही मोडले.

त्याच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा समोरच होता. डबा ओढला तशी त्यामागे खिळ्याला टांगलेली एक जोडी हलली. काळ्या जाड रबराचे हातमोजे, कोपरापर्यंत येणारे. बोटांकडचं रबर पांढुरकं पडून चिरलेलं, आणि आतून पावडर मारलेली, घालताना सहज सरकावेत म्हणून. दर शनिवारी वापरून नीट झटकून टांगलेले. डावऱ्याने वाकून वास घेतला. सोमवारचा तो उग्र वास त्याच्या घशात उतरला. किती वर्षांचे होते कोण जाणे. 

वस्तादांनी एकदा त्याचं नाव घेतलं, हजेरीपटावरचं, खरं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

डावऱ्याने डबा उघडला, मायक्रोमीटर काढला आणि जॉब मोजला. बोटं नीट वळत नव्हती म्हणून वेळ लागला. सगळे बघत होते आणि कुणीही त्याच्या हातातून जॉब काढून घ्यायला पुढे आलं नाही. त्याने आकडा वाचला, जॉबच्या नकाशावरचा आकडा वाचला, पुन्हा एकदा लावून बघितला. माप बरोबर होतं. केसभराचीही चूक नव्हती. लोखंडाशी हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

त्याने जॉब ट्रेमध्ये ठेवला, मायक्रोमीटर डब्यात ठेवला. बायकोने पावसापाण्याला म्हणून दिलेली प्लास्टिकची पिशवी खिशातून काढून उलटी केली, हाताला स्पर्श होऊ न देता मोजे तिच्यात ओढून घेतले आणि गाठ मारली. वस्ताद मधे आले नाहीत. फक्त म्हणाले, "आठ महिने, डावऱ्या." त्याने ते ऐकलं. थांबावं असं एकदा वाटलंही. मग घासकामवाल्याने वाट दिली आणि तो बाहेर पडला. जाताना नळापाशी 'डा' कोरलेला ग्लास दिसला. तोही त्याने डब्यात टाकला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पिशवी न उघडता उजेडाला धरून पाहिली. मोज्यांवरचं धुऊन काढून प्रयोगशाळेत तपासता येईल, त्या म्हणाल्या, आणि ते तेच औषध निघालं तर कारखान्याचा जबाब खोटा ठरतो. मग मंडळाला पुन्हा बसावंच लागेल. त्यांनी नर्सला नवा फॉर्म काढायला सांगितला. तीच नर्स होती, तेच रकाने. डावऱ्या बाकावर बसून आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता.

"नमुना कोणाकडून मिळाला?" नर्सने विचारलं.

"वस्तादांकडून," तो म्हणाला. नर्सने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा सांगितलं. "वस्तादांकडूनच. पण या वेळी 'खात्रीचा' लिहू नका. तुम्ही तपासा."